सेप्टोरायनोप्लास्टीचा खर्च मेडिक्लेममधून निघतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वय २७. शाळेत असताना क्रिकेटचा चेंडू नाकावर बसला, तेव्हापासून नाक बाहेरून वाकडं दिसतं आणि डावी नाकपुडी जवळपास बंदच असते. ठाण्याच्या कान-नाक-घसा डॉक्टरांनी सेप्टोरायनोप्लास्टी, म्हणजे नाकाच्या आतला पडदा आणि बाहेरचा सांगाडा दोन्ही सुधारण्याची शस्त्रक्रिया, सुचवली आहे. स्वतःची मेडिक्लेम पॉलिसी सव्वा वर्षाची आहे, शिवाय कंपनीचा ग्रुप विमा आहे. एकाच भुलीत नाकाचा आकारही सुधारून घेतला तर सगळा खर्च विम्यातून निघेल का, असं तुम्ही विचारलंय.

सगळा निघणार नाही. आतला पडदा सरळ करण्याचा खर्च निघायला हरकत नाही, पण तो बहुधा तुमच्या नोकरीच्या ग्रुप पॉलिसीतून. बाहेरच्या आकाराचे पैसे खिशातून जातील असं धरूनच चाला. मी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयाच्या मेडिक्लेम डेस्कवर काम करते आणि नाकाच्या फाइली माझ्या टेबलावरून नेहमी जातात. त्यामुळे हे डॉक्टरकीच्या नव्हे, कागदपत्रांच्या बाजूने सांगतेय.

आधी पॉलिसीत काय लिहिलंय ते बघा. आयआरडीएआयने, म्हणजे विमा क्षेत्राच्या नियामकाने, २०१९ मध्ये आरोग्य विम्यातल्या अपवर्जनांची (विम्यात न मिळणाऱ्या खर्चांची) भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली. त्यामुळे तुमची पॉलिसी कोणत्याही कंपनीची असली तरी त्यात ‘एक्स्क्ल ०८’ असा कोड सापडेल. त्याचा मतितार्थ असा: दिसणं बदलण्यासाठी केलेल्या कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळणार नाही. अपवाद म्हणजे अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना आणि तब्येतीला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करायला गरजेचे उपचार. ती गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलेली हवी.

इथे एक गफलत नेहमी होते. टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, क्वेरी येते, ‘तातडीचा धोका काय ते स्पष्ट करा’, आणि रुग्ण घाबरतो. नाक चोंदण्याने कोणाच्या जिवाला तातडीचा धोका असतो, तो सिद्ध कसा करायचा? तो सिद्ध करण्याची गरजच नसते. हे कलम लागू होतं ते दिसणं बदलण्याच्या उपचारांना. सेप्टोप्लास्टीत नाकाच्या आतला वाकडा पडदा सरळ करतात. बाहेरून त्याचा पत्ताही लागत नाही, टाकेसुद्धा आतच. ती कॉस्मेटिक नाहीच, म्हणून तिला या कलमाच्या अपवादात बसवायची धडपड करायला नको. क्वेरीच्या उत्तरात डॉक्टरांनी एवढंच स्वच्छ लिहायचं असतं की शस्त्रक्रिया श्वासाच्या अडथळ्यासाठी आहे आणि तिने बाह्य आकार बदलत नाही. बरेचसे क्लेम या एका पत्राने सुटतात.

तुमच्या बाबतीत मात्र डॉक्टरांनी ‘सेप्टो’ला ‘रायनो’ जोडलंय, म्हणजे बाहेरचा सांगाडाही. ते का जोडलं, हे त्यांना आधी स्पष्ट विचारा. कधी कधी कारण खरंच श्वासाचं असतं. नाकपुडीच्या आत वरच्या बाजूला एक अरुंद जागा असते, नेझल व्हॉल्व्ह म्हणतात तिला. मार लागलेल्या नाकात ती दबलेली असेल तर नुसता पडदा सरळ करून भागत नाही, वरची कूर्चा उचलून आधार द्यावा लागतो. डॉक्टर तपासताना तुमचा गाल बोटांनी बाहेरच्या बाजूला ओढतात आणि विचारतात, आता हवा जास्त येते का? ती कॉटल टेस्ट. त्याने बंद बाजू मोकळी झाली तर दोष व्हॉल्व्हचा असण्याची शक्यता असते. ही चाचणी अर्ध्या मिनिटात होते आणि तिचा निष्कर्ष केसपेपरवर लिहायचा राहून जातो. नंतर आम्ही सर्जनच्या मागे लागतो, सर्जन ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) असतात आणि तिकडे टीपीएचा माणूस फाइल बंद करून मोकळा होतो. तुम्ही ओपीडीतून बाहेर पडण्याआधीच ते लिहून घ्या.

श्वासाचं असं कारण नसेल आणि ‘रायनो’ फक्त नाकावरचा उंचवटा तासण्यासाठी असेल, तर तो भाग कॉस्मेटिक. त्यात वाईट काहीच नाही, हौस म्हणून केलं तरी तुमचं नाक आहे. फक्त ते विम्याच्या गळ्यात मारायला जाऊ नका.

‘मग चेंडू लागला तो अपघातच ना, पुनर्रचनेच्या अपवादात बसवा की!’ असंही कोणीतरी तुम्हाला सांगेल. मुद्दा चुकीचा नाही, पण पुरावा कुठून आणणार? दहा-बारा वर्षांपूर्वी आईने बर्फ लावला, फार तर शेजारच्या दवाखान्यात नेलं असेल. एक्स-रे, कॅज्युअल्टीचा कागद यातलं काही शिल्लक असेल तर जरूर जोडा. तरीही अपघात पॉलिसीच्या आधीचा आहे, हे विमा कंपनी दाखवून देईलच. ज्यांना काल-परवा मार बसलाय त्यांनी मात्र हा परिच्छेद दोनदा वाचा. लोकलमध्ये दाराचा दांडा लागला, बाइकवरून पडलात, तर त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन नोंद करून घ्या. मोडलेलं नाकाचं हाड जागेवर बसवायचं तर मोठ्या माणसात साधारण दोन आठवड्यांच्या आत. त्यानंतर ते तसंच जुळतं आणि पुढे मोठी शस्त्रक्रिया लागते. अपघाताच्या क्लेमला सुरुवातीचे ३० दिवस किंवा ठरावीक आजारांचा प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यावर त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो काळ) आडवा येत नाही, हाही फायदा.

(आपल्याकडे नाकाच्या पुनर्रचनेचा इतिहास विम्याहून जुना आहे. टिपूच्या सैन्याने पकडून नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं गेलं आणि १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ते चित्रासकट छापून आलं. आजचा टीपीए असता तर ‘युद्धजन्य इजा, अपवर्जित’ असा शेरा मारून त्याची फाइल परत आली असती.)

आता प्रतीक्षा काळ. बहुतेक वैयक्तिक पॉलिसींमध्ये वाकडा पडदा, सायनस, टॉन्सिल ही मंडळी २४ महिन्यांच्या यादीत असतात. काही ठिकाणी नाव घेऊन, काही ठिकाणी ‘कान-नाक-घशाचे सौम्य विकार’ अशा गोळाबेरीज शब्दांत. तुमची पॉलिसी सव्वा वर्षाची, म्हणजे तिच्यातून आज क्लेम टाकलात तर तो नाकारला जाईल, आणि नियमानुसारच नाकारला जाईल. ग्रुप विम्यात मात्र हे प्रतीक्षा काळ बऱ्याचदा माफ केलेले असतात. एचआरला ‘मेडिक्लेम आहे का’ असं मोघम विचारू नका. ‘ठरावीक आजारांचा आणि आधीपासूनच्या आजारांचा वेटिंग पिरियड माफ आहे का, आणि नाकाच्या शस्त्रक्रियेवर काही कॅपिंग (खर्चाची मर्यादा) आहे का’ असं ईमेलवर विचारा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या.

प्री-ऑथच्या, म्हणजे विम्याची आगाऊ मंजुरी मागण्याच्या, फॉर्ममध्ये ‘त्रास किती काळापासून’ असा एक रकाना असतो. तिथे घाईत ‘लहानपणापासून’ असं लिहिलं जातं आणि क्लेम आधीपासूनच्या आजाराच्या खड्ड्यात जातो. खोटं लिहायला मी सांगत नाहीये. पण ‘आधीपासूनचा आजार’ याची व्याख्या ठरलेली आहे: पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यासाठी त्या काळात सल्ला वा उपचार घेतलेला किंवा सुचवलेला आजार. नुसतं लहानपणापासून नाक चोंदत होतं म्हणून तो आपोआप त्यात बसत नाही. म्हणून डॉक्टरांना दोन्ही लिहायला सांगा: त्रास कधीपासून, आणि निदान पहिल्यांदा कधी झालं. निदानाच्या जागी वाकड्या पडद्याचा आयसीडी कोड (आजारांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) जे ३४.२ येतो, आतले टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचे उंचवटे, सुजून मोठे झाले असतील तर जे ३४.३. मी एकदा एका फाइलीवर चक्क झेड ४१.१ पाहिला होता. तो दिसण्यासाठी केलेल्या प्लास्टिक सर्जरीचा कोड. शस्त्रक्रिया निव्वळ पडद्याची, पण कोणीतरी संगणकावर चुकीची ओळ निवडली होती. तो दुरुस्त होईपर्यंत त्या बाईंना ॲडमिशन पुढे ढकलावी लागली.

टीपीए काय काय मागतो? नाकाच्या दुर्बिणीतून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट, सायनसचा सीटी स्कॅन आणि औषधाने फरक पडला नाही याचा पुरावा. हा शेवटचा भाग लोक हलक्यात घेतात. स्टेरॉइडचा स्प्रे काही आठवडे वापरून बघितला होता, ॲलर्जीच्या गोळ्या घेतल्या होत्या, हे तारखेसकट प्रिस्क्रिप्शनवर हवं. मेडिकलवाल्याकडून तोंडी मागून घेतलेला स्प्रे कोणत्याच कागदावर येत नाही. रात्री घोरणं, झोपेत श्वास अडकणं असेल आणि स्लीप स्टडी झाली असेल तर तोही रिपोर्ट जोडा. स्कॅन आणि तपासण्यांची मूळ बिलं जपून ठेवा. दाखल होण्यापूर्वीचा खर्च म्हणून ती नंतर मागता येतात, बहुतेक पॉलिसींत आधीच्या ३० दिवसांपर्यंतची.

आणि ओपीडीत पहिलं वाक्य काय बोलता त्याकडे लक्ष असू द्या. डॉक्टर तुमचं पहिलं वाक्यच मुख्य तक्रार म्हणून लिहितात. श्वासाचा खरा त्रास असलेली मुलं ‘लग्न ठरतंय, नाक सरळ करून हवंय’ अशी सुरुवात करतात आणि केसपेपरच्या पहिल्याच ओळीत तेवढंच उतरतं. मग खाली सीटीत पडदा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकलेला दिसत असला तरी टीपीए वरच्या ओळीवर बोट ठेवतो.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी करणार असाल तर रुग्णालयाकडून दोन वेगळी एस्टिमेट मागा: एक सेप्टोप्लास्टीचं, एक बाहेरच्या आकाराचं. सर्जनची फी वेगळी, ओटीचा आणि भुलीचा वाढीव वेळ वेगळा दाखवलेला. एकच ढोबळ पॅकेज पाठवलं की टीपीए आपल्या मनाने कापतो, आणि कधी अख्खंच नाकारतो. कॉस्मेटिक भागावर १८ टक्के जीएसटीही लागतो, तो हिशेबात धरा. जन्मजात दोष किंवा इजेमुळे बिघडलेली रचना पूर्ववत करण्यासाठीची शस्त्रक्रिया असेल तर जीएसटीच्या नियमात तिला सूट आहे. म्हणून जुन्या माराचा उल्लेख डॉक्टरांच्या पत्रात असण्याचा तुम्हाला इथे उपयोग होऊ शकतो, विम्यात झाला नाही तरी.

‘सगळं पडद्याच्या नावावर टाकून देऊ’ असं सुचवणारी माणसं या मुंबईत भेटतात. ऐकू नका. ऑपरेशन नोट्समध्ये हाड कापल्याचं लिहिलेलं असतं, नाकावर बाहेरून प्लास्टर असतं, आधी-नंतरचे फोटो असतात. खोटेपणा उघडा पडला तर हा क्लेम जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. पुढच्या विमा अर्जात ‘पूर्वी क्लेम नाकारला गेला आहे का’ हा प्रश्न तुमची वाट बघत असतो, तो वेगळाच.

कॅशलेससाठी आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार विमा कंपनीने विनंतीवर तासाभरात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. प्रत्यक्षात क्वेरी निघाली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्यासारखं वाटतं. म्हणून आधीच ठरवून करायच्या शस्त्रक्रियेची फाइल तीन-चार दिवस आधी पाठवा. खोलीच्या भाड्याची मर्यादाही बघून ठेवा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर फक्त भाड्यातला फरक नाही, सर्जनच्या फीसकट बरंच काही त्या प्रमाणात कापलं जातं.

नाकारलं तर कारण लेखी मागा, पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली ते लिहिलेलं. मग विमा कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे जा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर, जीवन सेवा ॲनेक्समध्ये आहे. तुम्ही ठाण्याकडचे असाल तर तुमचा पत्ता कोणत्या कार्यालयाखाली येतो ते आधी संकेतस्थळावर बघा. फी नाही, वकील चालत नाही, कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे ऐकले जातात. ‘कॉस्मेटिक’ म्हणून नाकारलेली निव्वळ सेप्टोप्लास्टी असेल आणि सीटी, एंडोस्कोपीचे रिपोर्ट हातात असतील, तर मी तिथे जायला जराही कचरले नसते.

आणि विम्याचं काहीच जमलं नाही तर मुंबईतल्या केईएम, सायन, नायर, जेजे या पालिका-सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागांत सेप्टोप्लास्टी नेहमीची शस्त्रक्रिया आहे. तारखेसाठी थांबावं लागेल, ओपीडीत सकाळी लवकर रांग धरावी लागेल, पण खर्चाचा आकडा खासगीच्या मानाने किरकोळ असतो.

तुमच्यासाठी आणखी एक. नोकरी बदलायचा विचार डोक्यात असेल तर शस्त्रक्रिया राजीनाम्याच्या आधी उरका. ग्रुप विमा सहसा नोकरीबरोबरच संपतो, आणि नव्या कंपनीच्या पॉलिसीत वेटिंग माफ असेलच असं नाही. डिस्चार्जनंतरच्या ड्रेसिंगची, तपासण्यांची बिलंही त्याच पॉलिसीत टाकायची असतात, म्हणून ऑपरेशननंतरचे दीड-दोन महिने तरी हाताशी ठेवा.