अवधान दिले जाते, लागत नाही

रामबागेतल्या एका भगिनींचा प्रश्न असा आहे की, मुलीच्या हिंदी माध्यमातल्या मानसशास्त्राच्या पुस्तकात 'अवधान' हा शब्द वारंवार येतो. तो मराठीत चालतो का, त्याचा अर्थ एकाग्रता असाच घ्यावा का, आणि आपण इंदूरकर घरात सर्रास 'ध्यान दे' म्हणतो, ते हेच का.

शब्द मराठीत चालतो आणि चांगला जुना आहे. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय 'तरी अवधान एकलें दीजे' या शब्दांनीच उघडतो: केवळ अवधान द्या, म्हणजे सर्व सुखाला पात्र व्हाल, असे श्रोत्यांना सांगितले आहे. त्यातले 'दीजे' हे क्रियापद माझ्या मते फार मोलाचे आहे. 'अव' हा उपसर्ग आणि ठेवणे या अर्थाचा 'धा' हा धातू यांपासून झालेल्या या शब्दात मन एखाद्या ठिकाणी नेऊन ठेवण्याची कृती असल्यामुळे अवधान नेहमी कशाला तरी, कोणाला तरी द्यायचे असते. एकाग्रता ही मनाची अवस्था. ती साधते, भंगते, पण ती कोणी कोणाला देत नाही. 'लक्ष' त्या मानाने मोकळे आहे: ते देता येते, ठेवता येते, वेधून घेता येते आणि आपले आपणही जाते, लागते, उडते. म्हणूनच 'अभ्यासात लक्ष लागत नाही' हे सहज वाटते आणि 'अवधान लागत नाही' हे कानाला खटकते.

रोजच्या व्यवहारात मात्र हा शब्द टिकला तो नकाराच्या रूपात. 'अनवधानाने आमंत्रण द्यायचे राहून गेले असल्यास हेच आमंत्रण समजावे' ही लग्नपत्रिकेतली ओळ सर्वांच्या परिचयाची आहे. आमच्याकडे आलेल्या एका पत्रिकेत त्यातला 'न' गळून 'अवधानाने' छापले गेले होते, म्हणजे यजमानांनी अगदी मन लावून आम्हाला वगळले, असा त्याचा अर्थ झाला. (आम्ही तरीही गेलो, श्रीखंड उत्तम होते.) त्याच मांडवात गुरुजी 'शुभमंगल सावधान' म्हणाले, तेही स आणि अवधान मिळून झालेले, अवधानासह असा मूळ अर्थ असलेले. आपल्याकडच्या फाटकांवर 'कुत्ते से सावधान' वाचून वाचून त्या शब्दाला धोक्याचा वास चिकटला आहे खरा, परंतु मंगलाष्टकांत तो नाही, निदान व्याकरणदृष्ट्या नाही. 'व्यवधान' तर हिंदीत अडथळाच. मराठीत मात्र 'संसाराची व्यवधाने' म्हणजे मन गुंतवून ठेवणाऱ्या नाना गोष्टी.

राहता राहिले 'ध्यान दे'. 'ध्यानात ठेव', 'ध्यानीमनी नसताना' हे प्रयोग अस्सल मराठी आहेत, पण 'ध्यान दे' हा आपल्या बोलीत हिंदीतून उतरला. 'काय ध्यान आहे!' असे मराठीत म्हणतात ते एखाद्याच्या अवताराकडे पाहून, त्यामुळे 'माझं ध्यान कुठे होतं?' असे आपल्यापैकी कोणी विचारले की पुण्याचे पाहुणे क्षणभर गोंधळतात. घरात ते बोलण्यास माझी हरकत नाही. लिहिताना 'लक्ष दे' लिहावे. मुलीच्या पुस्तकातल्या संज्ञेसाठी निराळा शब्द शोधण्याची गरज नाही, कारण मराठी मानसशास्त्रातही 'अवधान' हाच शब्द वापरतात.