झूम शेती (रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती) सोडल्यावर तिथे पुन्हा जंगल यायला किती वर्षं लागतात? झाडं लावावी लागतात का?

नुसती हिरवाई पहिल्याच पावसाळ्यात दिसते. जुन्या जंगलाची सर यायला मात्र शंभराहून जास्त वर्षं.

मेघालयातलं बघा. शेत सोडलं की पहिली चार-पाच वर्षं रानमोडीसारख्या तणांचं राज्य (हो, आपल्या सह्याद्रीत माजते तीच). मग बांबू वर येतो आणि त्याच्या सावलीत तण मरतं. बांबूला लोक उगाच नावं ठेवतात. तिथल्या धो-धो पावसात उतारावरून वाहून गेला असता तो मातीतला पालाश (पोटॅशियम) बांबूच धरून ठेवतो. न उपटलेल्या बुंध्यांना फुटवे येतात ते वेगळेच. मोठ्या बियांची झाडं सगळ्यात उशिरा, कारण त्यांचं बी आणणारा धनेश आसपास हवा आणि त्याला राहायला जुनं रान हवं.

अमेरिका खंड आणि पश्चिम आफ्रिकेतल्या ७७ ठिकाणांचा मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यानुसार माती १० वर्षांच्या आत सावरते, झाडांची विविधता २५ ते ६० वर्षांत, पण लाकूडसाठा आणि मूळ प्रजातींचं मिश्रण यांना १२० वर्षांहून जास्त.

खरी अडचण वेगळीच आहे. पूर्वी शेतकरी एकाच जागी २०-३० वर्षांनी परत येत. आता बऱ्याच ठिकाणी पाचेक वर्षांत. म्हणजे बांबूची पाळी यायच्या आधीच पुन्हा तोडणं-जाळणं.

लागवडीचं म्हणाल तर जवळ जुनं रान शिल्लक असेल आणि वणवा आवरला, तर सहसा गरज पडत नाही.