आधी लेखी परवानगी, मग इंजिन: पेट्रोल जीपला डिझेल बसवू पाहणाऱ्या सदस्यास उत्तर

नमस्कार. वडिलांच्या जुन्या सीजे-3बी जीपमधले पेट्रोल इंजिन उतरवून तिथे महिंद्राचे डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन बसवावे का, आणि गॅरेजवाले म्हणतात त्याप्रमाणे “आधी बसवून घ्या, पासिंगचे नंतर बघू” हे चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. तुमचा दुसरा प्रश्न वाचून राहवले नाही, कारण हेच वाक्य मला गॅरेजमध्ये नव्हे, तर जिथे मी परवानगी मागायला गेलो होतो त्या आरटीओच्या खिडकीवर ऐकायला मिळाले होते.

इंजिन कसे उतरवायचे, फाउंडेशनचे ब्रॅकेट कुठे वेल्ड करायचे, डिझेलची रिटर्न लाइन टाकीपर्यंत कशी न्यायची, हे चांगल्या मिस्त्रीला सांगावे लागत नाही, म्हणून त्यात शिरत नाही. माझे सर्वांत मोठे नुकसान झाले ते कागदपत्रांत. काम सुरू करण्यापूर्वी मी अर्ज घेऊन कार्यालयात गेलो, तेव्हा तो घेण्यासच नकार मिळाला. इंजिन बसले की गाडी तपासणीला आणा, आम्ही नवा इंजिन नंबर नोंदणी प्रमाणपत्रावर (आरसीवर) चढवून देऊ, असे तोंडी सांगण्यात आले. त्याप्रमाणे गाडी तयार करून नेली, तर त्या टेबलावर आता दुसरे अधिकारी होते आणि पूर्वपरवानगीचे पत्र कुठे आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न त्याहून अवघड निघाला. ज्या जीपमधून माझे इंजिन आले होते, ती भंगारात मोडली गेली असली तरी तिची नोंदणी रद्द झालेली नव्हती, म्हणजे सरकारी नोंदीनुसार माझ्या बॉनेटखालचे इंजिन अजूनही दुसऱ्याच्या गाडीत चालत होते. भंगारवाल्याच्या पावतीवर इंजिन नंबर होता, पण त्या पावतीला कोणी विचारले नाही. त्यातच माझ्या जीपच्या फेरनोंदणीची मुदत आली. पंधरा वर्षांनंतरची ही फेरनोंदणी दर पाच वर्षांनी करावी लागते आणि त्या तपासणीत चेसिस व इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहतात. शेवटी जुने पेट्रोल इंजिन पुन्हा बसवून फेरनोंदणी करून घेतली, त्या दुसऱ्या जीपच्या मालकाला शोधून तिची नोंदणी रद्द करवली, नव्याने अर्ज केला आणि लेखी परवानगी मिळाल्यावर तेच डिझेल इंजिन दुसऱ्यांदा बसवले. एकाच कामाची मजुरी दोनदा गेली, आणि ज्यांच्या शब्दावर विसंबून हे झाले त्यांना त्याची काहीही झळ बसली नाही, याचा राग अजूनही गेलेला नाही.

ही 2019 च्या आधीची गोष्ट आहे, हे लक्षात घ्या. मी वकील नाही, त्यामुळे पुढचे सगळे स्वतः पडताळून पाहा. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 सांगते की आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे वाचले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ नुसार अनधिकृत बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. इंधनाचा प्रकारच बदलणारा तुमचा बेत मंजूर होईलच असे गृहीत धरू नका. अर्ज आवक विभागात देऊन शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तिथे नाकारला तर टपालाने पोचपावतीसह पाठवा, आणि उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात त्या अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारा. त्याला साधारणतः 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. लेखी उत्तर हातात येईपर्यंत इंजिनासाठी एक रुपयाही आगाऊ देऊ नका. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा लागतो, नाहीतर अपघातानंतर दावा नाकारायला तिला आयते कारण मिळते.

आता इंजिनाविषयी माझे मत, जे अनेकांना पटत नाही. इतक्या हलक्या जीपला मी 2523 सीसीचे डीआय इंजिन बसवणार नाही. ते दणकट आहे, त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, हे खरे. पण त्याची थरथर चेसिसच्या रिव्हेटांपर्यंत जाते आणि पुढचे पाटे (स्प्रिंग) लवकर बसतात. महिंद्राच्याच एमएम-540 जीपमधले 2112 सीसीचे पुजो एक्सडीपी इंजिन या गाडीला अधिक शोभते. ते जुने झाले आहे, डिझेल पंप चांगल्या माणसाकडूनच तपासून घ्यावा लागतो, थंडीत हीटर प्लगशिवाय ते उठत नाही, तरीही मी तेच घेईन.

यामागे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची फिरकी चाकांकडे वळवणारा दातेरी चक्रांचा (क्राउन-पिनियनचा) संच. सीजे-3बी च्या क्राउन-पिनियनचे गुणोत्तर 5.38 आहे, म्हणजे 43 आणि 8 दाते. तुमचे मूळ पेट्रोल हरिकेन इंजिन मिनिटाला 4000 फेऱ्यांपर्यंत जाते, पुजो 4500 पर्यंत, पण डीआय 3200 च्या आसपासच थांबते. 6.00-16 च्या टायरवर टॉप गिअरमध्ये 3200 फेऱ्यांना हिशेबाने ताशी 80 किलोमीटरही जेमतेम येतात, आणि इंजिन सतत त्या टोकाला पळवणे योग्य नाही, त्यामुळे महामार्गावर ही जीप साठीच्या आसपासच चालवावी लागेल. कोणी मागचे क्राउन-पिनियन बदलून देतो म्हणाला तर पुढचेही त्याच गुणोत्तराचे हवे, हे ठामपणे सांगा. दोन्हींत फरक ठेवून कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील टाकली तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) पिळवटली जाते आणि सर्वांत कमजोर भाग तुटतो. तसेच तुमच्या जीपचा व्हीलबेस 80 इंच आहे, एमएम-540 चा त्याहून लांब. तिथला इंजिन-गिअरबॉक्सचा पूर्ण संच उचलून बसवला की मागच्या चाकांकडे जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागतो, त्याचा कोन तीव्र होतो आणि त्याचे सांधे (क्रॉस) वारंवार जातात. शाफ्ट कापून घेतल्यावर त्याचे बॅलन्सिंग करून घ्याच.

केवळ इंधनखर्च वाचवायचा म्हणून हे करत असाल, तर करू नका. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि पेट्रोल-डिझेलमधली पूर्वीची मोठी दरी राहिली नाही. गगनबावड्याकडच्या चिखलात कमी फेऱ्यांवर मिळणारा डिझेलचा जोर हवा असेल, तर गोष्ट वेगळी. पीयूसीच्या वेळी डिझेलची धूर-चाचणी होते आणि जुन्या इंजिनांसाठी मर्यादा 65 हार्टरिज एकक (धुराच्या दाटपणाचे माप) आहे, त्यामुळे डिझेल फवारणारे नोझल तपासून घेतल्याशिवाय गाडी तिथे नेऊ नका.

आणि काढलेले हरिकेन इंजिन विकू नका, गॅरेजवाल्याने मजुरीत वळते करून मागितले तरीही. परवानगी मिळून नवा नंबर आरसीवर चढेपर्यंत कायद्याने तेच तुमच्या गाडीचे इंजिन आहे, आणि माझ्यासारखी वेळ आली तर गाडी वाचवणारेही तेच. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडा, क्रँक हाताने दोन-चार वेळा फिरवा, ब्लॉकमधले पाणी पूर्ण काढा, कार्बोरेटरचे तोंड आणि एक्झॉस्टची भोके बंद करा आणि जमिनीपासून वर लाकडी ओंडक्यांवर ठेवा. इंजिन नंबरचे स्पष्ट छायाचित्रही तेव्हाच काढून अर्जाच्या फायलीत लावून ठेवा.