नाशिकमध्ये राहून, बीए करता करता सरकारी अधिकारी व्हायचंय, कुठून सुरुवात करू?

एमपीएससी (महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षा) म्हणजेच सगळं असं डोक्यात धरू नकोस, तो एक रस्ता आहे. आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतून उपजिल्हाधिकारी, तहसीलदार होता येतं, कुठल्याही शाखेची पदवी चालते, अगदी आपल्या गंगापूर धरणाजवळच्या मुक्त विद्यापीठाची पण, आणि शेवटच्या वर्षाला असताना पूर्व परीक्षा देता येते. पण 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीये, म्हणजे उत्तरं सविस्तर लिहायची, लेखी 1750 मार्क आणि मुलाखत 275, त्यामुळे नुसत्या पर्यायांवर गोल करायची सवय असेल तर आत्तापासून रोज एक पान लिहायला लाग, खरंच सांगतो, तिथेच भलेभले अडकतात.

दुसरा रस्ता खालून वर जायचा. तलाठी (आता नाव ग्राम महसूल अधिकारी) भरतीला 100 प्रश्न, 200 मार्क, मग प्रमोशनने मंडळ अधिकारी, पुढे नायब तहसीलदार, वेळ लागतो पण पगार चालू राहतो. लिपिक-टंकलेखकासाठी मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं टायपिंग सर्टिफिकेट कॉलेज करता करता काढून टाक.

क्लासची फी भरण्याआधी एमपीएससीचे जुने पेपर सोडवून बघ, आयोगाच्या साइटवर फुकट मिळतात.