शंका-समाधान : हरभऱ्याच्या मर रोगावर ट्रायकोडर्मा

प्रश्न : आम्ही दरवर्षी सोयाबीननंतर हरभरा घेतो. गेली तीन वर्षे पीक महिनाभराचे झाले की जागोजागी झाडे माना टाकतात आणि वाळतात. यंदा कार्बेन्डाझिम व ट्रायकोडर्मा एकत्र करून बियाण्याला चोळले आणि मर दिसल्यावर पाण्यातूनही ट्रायकोडर्मा सोडला, तरी फरक पडला नाही. याचा खरोखर उपयोग होतो का?
– एक शेतकरी, औसा (जि. लातूर)

उत्तर : उपयोग होतो, परंतु आपण तो दिला त्या वेळी आणि त्या पद्धतीने होत नाही. ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशी आहे. त्यामुळे ज्या कार्बेन्डाझिमने रोगाची बुरशी मरते, त्यानेच ट्रायकोडर्माही मरतो, आणि आपल्या बियाण्यावर तो पेरणीपूर्वीच संपला असणार. या दोहोंपैकी एकाचीच निवड करावी.

दुसरी गोष्ट वेळेची. मर रोगाची फ्युजारियम बुरशी जमिनीतून मुळात शिरते आणि झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते. वाळू लागलेले एखादे झाड मुळासकट उपटून त्याचे मूळ चाकूने उभे चिरून पाहा; आत काळपट तपकिरी रेघ दिसली तर ती मरच होय. (मुळे ठिसूळ होऊन काडीसारखी मोडत असतील, तर ती कोरडी मूळकूज समजावी.) शत्रू एकदा नलिकांत शिरला की बाहेरून सोडलेला ट्रायकोडर्मा तेथपर्यंत पोहोचत नाही. त्याचे काम त्याआधीचे आहे : मुळांभोवतीची जागा आणि अन्न आधीच व्यापणे, रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालून विकरांच्या (एन्झाइमांच्या) साहाय्याने त्यांची भित्तिका विरघळवणे, आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करणे. रायझोक्टोनिया या दुसऱ्या एका रोगकारक बुरशीवरील त्याची ही परजीवी वृत्ती वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने 1932 मध्येच नोंदवली होती.

म्हणून पुढील हंगामाची तयारी पेरणीच्या पंधरा दिवस आधी सुरू करावी. एकरी 2 किलो ट्रायकोडर्मा 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ढीग सावलीत करावा, ओल टिकेल इतकेच पाणी शिंपडावे आणि वर ओले गोणपाट झाकावे. काही दिवसांनी गोणपाट उचलले की खतावर आधी पांढरी आणि मग हिरवट बुरशी पसरलेली दिसते. ही वाढ झालेले खत कुळवाच्या शेवटच्या पाळीच्या वेळी मातीत मिसळावे. हा खटाटोप अनेकांना नकोसा वाटतो, पण माझ्या मते खरा गुण याच टप्प्यात आहे, कारण सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या रानात नुसती भुकटी टाकली तर तिला जगायला काहीच मिळत नाही. बियाण्याला मात्र किलोमागे 5 ग्रॅम पुरते, म्हणजे एकरी 30 किलो बियाण्याला अवघे दीडशे ग्रॅम. त्यानंतर रायझोबियम (हवेतील नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू खत) चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे.

खरेदी करताना पाकिटावर नोंदणी क्रमांक, अंतिम मुदत आणि ग्रॅममागे किमान 20 लाख जिवंत बीजाणू असल्याची नोंद पाहावी. दुकानात उन्हात पडलेले पाकीट घेऊ नये. त्यात जीव उरलेला नसतो.

एवढे करूनही केवळ ट्रायकोडर्मावर विसंबू नये. ही फ्युजारियम हरभरा नसतानाही सुमारे सहा वर्षे जमिनीत तग धरते आणि सतत तेच पीक घेतल्याने बेवड (आधीच्या पिकामुळे जमिनीला आलेली स्थिती) बिघडत जातो. ज्या पट्ट्यांत मर अधिक आहे, तेथे रब्बीत काही वर्षे ज्वारी घ्यावी आणि हरभरा घ्यायचाच असेल तर विजय, दिग्विजय किंवा जाकी 9218 यांसारखे मर सहन करणारे वाण निवडावेत.

यंदाची वाळलेली झाडे सुधारणार नाहीत. ती उपटून जाळून टाका, उकिरड्यावर मुळीच टाकू नका. हा रोग बियाण्यातूनही पसरतो, तेव्हा या शेतातील दाणा पुढच्या पेरणीसाठी राखून ठेवू नका.