मुलगा ऐकत नाही, मग प्रशिक्षण आम्हाला कशाला?

प्रश्न : ताई, माझा मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत आहे. वर्षभरापासून घरात रोजची कटकट. मोबाइल ठेव म्हटलं की शिवीगाळ, भरल्या ताटावरून उठून जाणं. मागच्या आठवड्यात तर लाथ मारून कुलरची जाळी तोडली. हे ड्युटीवरून आले की हात उचलतात. सासूबाई मधे पडतात अन् त्याच रात्री गुपचूप त्याला मोबाइल देतात. शाळेने समुपदेशकांकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, 'आधी तुम्ही दोघं पालक-प्रशिक्षणाला या.' हे भडकलेच, 'बिघडला तो, अन् शिकायचं आम्ही?' खरंच याचा उपयोग होतो का?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : होतो, आणि त्या बाईंनी तुम्हाला योग्य तेच सांगितलं. दोष तुमचा आहे, असं त्या म्हणत नाहीत. समुपदेशकासमोर तासभर मुलं बहुधा शहाण्यासारखीच बोलतात. भांडण पेटतं ते तुमच्या घरात, रात्री साडेनऊला, आणि तेव्हा समोर तुम्हीच असता.

पालकांच्या गटात मी असं भांडण त्यांच्याकडूनच करवून घेते. आई स्वयंपाकघरातून ओरडते, 'ठेव तो मोबाइल.' उत्तर नाही. पुन्हा हाक. 'थांब ना, मॅच चालू आहे!' तिसऱ्या हाकेला जुनी सगळी उजळणी निघते: युनिट टेस्टचे मार्क, शेजारचा हुशार मुलगा, बाबांचे कष्ट. तो शिवी देतो, उशी भिरकावतो. 'कर काय करायचं ते,' म्हणून आई ओट्याकडे वळते. इथे मी थांबवते आणि विचारते, आत्ता कोणाला काय मिळालं? मुलाला मोबाइल मिळाला, आईला दोन मिनिटं शांतता. दोघांचीही रीत फळली, म्हणून उद्या दोघंही तेच करणार. ज्या दिवशी तो थपडेने गप्प होतो, त्या दिवशी बाबांना थपड फळते.

अमेरिकेत ओरेगनमधल्या जेराल्ड पॅटरसन यांच्या गटाने लोकांच्या घरी जाऊन अशी भांडणं टिपली आणि ही साखळी १९८२ साली पुस्तकरूपाने सविस्तर मांडली. पालक-प्रशिक्षणाचा मोठा भाग त्यावरच उभा आहे. साखळी कोणी सुरू केली हा वाद सोडा. ती मोठ्यांच्या बाजूने लवकर तुटते, एवढंच धरा.

सुरुवात शिक्षेने करू नका. रोज थोडा वेळ त्याच्यासोबत असा घालवा, ज्यात सूचना नाही, अभ्यासाची चौकशी नाही. आणि चांगलं दिसलं की नेमकं बोला: 'दप्तर जागेवर ठेवलंस, बरं वाटलं.' 'जे करायलाच हवं त्याचं कौतुक कशाला?' असं वडील मला हमखास विचारतात. कारण सध्या त्याला तुमचं पूर्ण लक्ष फक्त भांडणातच मिळतं.

मग नियम. तेरा वर्षांच्या मुलाला कोपऱ्यात बसवता येत नाही, ते लहानांसाठी. रविवारी सगळे शांत असताना त्याला सोबत घेऊन ठरवा: नऊला मोबाइल हॉलमधल्या चार्जरला, नाहीतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइल नाही. एकच संध्याकाळ. आठवडाभर काढून घेतलात तर त्याच्याकडे गमवायला काही उरत नाही, आणि तिसऱ्या दिवशी तुम्हीच कंटाळून परत देता. नऊ वाजता जवळ जा, नाव घ्या, एकदाच सांगा आणि गप्प राहा.

एक आधीच सांगून ठेवते. सुरुवातीला त्रास वाढतो. आजवर ओरडून मिळत होतं, ते मिळेनासं झालं की तो आणखी मोठ्याने ओरडून पाहणारच. बरेच पालक नेमके इथे सोडून देतात. तेल अवीवचे मानसशास्त्रज्ञ हाइम ओमेर यांनी अशा घरांसाठी गांधीजींच्या अहिंसक प्रतिकाराचा आधार घेतला. आपल्या शेजारच्या सेवाग्रामची शिकवण तिकडून फिरून आपल्या घरात येते, याचं मला फार अप्रूप वाटतं. ओमेर सांगतात, भडका उडालेला असताना निवाडा करू नका. 'यावर मी उद्या बोलेन,' एवढंच म्हणा, आणि उद्या खरंच बोला. कुलरची जाळी त्यानेच बाबांसोबत जाऊन आणावी, बसवावी, थोडे पैसे त्याच्या खाऊच्या पैशांतून द्यावेत. आणि घरचं घरात झाकू नका. त्याचा ज्याच्यावर जीव आहे अशा मामा-काकाला सांगा. त्याने फक्त एवढंच म्हणावं, 'मला कळलं. तू मला आवडतोस, पण हे चालणार नाही.'

मारणं आजपासून बंद. ते थांबलं की सासूबाईंचं मधे पडायचं कारणही निम्मं संपतं. त्यांना दटावू नका, एका सत्राला सोबत न्या.

हे वर्षभरातच सुरू झालं असेल, तर त्याआधी काय बदललं, शाळेत कोणी छळतं का, लक्ष न लागणं, वाचन-लेखनाची अडचण किंवा उदासी आहे का, हेही समुपदेशकांना तपासायला सांगा. तो जीव देण्याची भाषा करू लागला, हत्यार उचललं, नशेची शंका आली, तर प्रशिक्षणाची वाट न बघता मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) मनोविकार विभागात न्या. रात्री-अपरात्री टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येतं.

पहिल्या सत्राला जाताना गेल्या आठवड्यातलं एक भांडण कागदावर लिहून न्या. कोण काय बोललं, जसंच्या तसं, शिव्यांसकट. तुम्ही दोघांनी ते वेगवेगळं लिहा.