गावी गेलो आणि नाही जमलं तर?

लॉकडाऊननंतर माझ्याकडे दादरला समुपदेशनासाठी येणाऱ्या जोडप्यांमध्ये एक प्रश्न सारखा यायला लागलाय. आयटीवाले येतात, बँकेतले येतात, शाळेत शिकवणारेही येतात. मुंबई नकोशी झालीय, गावी जमीन आहे किंवा कर्जत-मुरबाडकडे बघून ठेवलीय, शेती करायची हे दोघांचं ठरलंय, आणि तरी काही केल्या पाऊल उचलत नाही. मग घरात कुरबुर सुरू होते, ती वाढते आणि माझ्याकडे येते. थोडं बोलत राहिलं की सगळे शेवटी त्याच वाक्यावर येतात, "मॅडम, गेलो आणि नाही जमलं तर?"

लोक याला पैशाचा प्रश्न समजतात आणि उत्तरही पैशात शोधतात, अजून थोडी सेव्हिंग होऊ दे, अजून एक इन्क्रिमेंट मिळू दे, लोन फिटू दे. पैसा बघावा लागतोच, त्याबद्दल पुढे लिहितेय. पण माणूस खरा अडकलेला असतो तो बहुतेक वेळा दुसरीकडेच. ते कसं हे एका जोडप्यावरून सांगते. नावं आणि तपशील बदललेत, त्यांना विचारून लिहितेय, आणि बऱ्याच भेटींमधलं मोजकंच देतेय.

संदेश 47 वर्षांचा, अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत क्वालिटी मॅनेजर. वृषाली 44, इन्शुरन्समध्ये. भांडुपला स्वतःचा फ्लॅट, मुलगी नववीत, आणि संदेशचे वडील, आप्पा, त्यांच्याजवळच. गाव कोकणात, संगमेश्वर तालुक्यात. संदेश रोज भांडुपहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, पुढे रिक्षा, आणि संध्याकाळी हेच उलटं. वृषालीचं माहेर गिरगावातलं, तिला गाव असं नाहीच, पण लग्नानंतर गणपतीला आणि मे महिन्यात जाऊन जाऊन तिला तिकडची ओढ लागली, इतकी की शेतीचा विषय आता संदेशपेक्षा तीच जास्त लावून धरते.

पहिल्या भेटीत संदेशने लॅपटॉप उघडला. काजूची लागवड, दोन झाडांमध्ये सात मीटर, दोन ओळींमध्ये सात मीटर, म्हणजे एकरी साधारण 80 कलमं, वेंगुर्ला-4 जातीची किती, वेंगुर्ला-7 ची किती, खड्डे कधी मारायचे, कुंपणाला किती जांभा दगड लागेल, पहिली तीन वर्षं उत्पन्न शून्य धरलेलं. फार नीट काम होतं, मी मनापासून कौतुक केलं.

वृषाली म्हणाली, "मॅडम, हे तीन वर्षांपूर्वीचं आहे. दरवर्षी गुढीपाडव्याला ठरतं आणि आषाढीपर्यंत मोडतं."

"काय होतं मधे?"

"काहीतरी निघतं. एक वर्ष सातबाऱ्यावर काकांची नावं, वाटप नाही झालेलं. तेही केलं आम्ही, रत्नागिरी-देवरुख फेऱ्या मारून. मग मुलीची शाळा निघाली. मग वानर निघाले, की काजूचं बोंडसुद्धा ठेवत नाहीत."

"वानर खरंच आहेत," संदेश म्हणाला.

वानर खरंच आहेत. कोकणात वानर-माकडांनी आणि रानडुकरांनी लोकांना शेती टाकायला लावलीय, हे मला माहीत होतं म्हणून मी ते हसण्यावारी नेलं नाही. पण माझ्या लक्षात आलं की एक अडचण सुटली की हा माणूस हलका होत नाहीये, उलट जास्त अस्वस्थ होतोय आणि घाईने दुसरी शोधतोय. हे दिसलं की मी यादीतल्या अडचणी सोडवत बसत नाही, यादी बाजूला ठेवते.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेय आणि इतकी वर्षं तिच्यावरच काम करतेय. माणसाला जे घडेल त्याची भीती कमी असते, घडल्यावर आपण स्वतःला काय म्हणू याची जास्त असते, हे मला समोर रोज दिसतं. म्हणून मी संदेशला एक साधी गोष्ट करायला सांगितली. म्हटलं, समजा गेलात, तीन वर्षं केलंत, नाही जमलं, परत भांडुपला आलात. लिफ्टमध्ये शेजारी भेटले, विचारतायत काय झालं. त्यांना फक्त एवढंच सांगा, "शेती केली, जमली नाही, परत आलो." मोठ्याने म्हणा.

"शेती केली," संदेश म्हणाला, "पण त्या वर्षी पाऊस..."

"पाऊस नको. पुन्हा."

"शेती केली, आता मजूर मिळत नाहीत म्हटल्यावर..."

"मजूर पण नकोत."

तो हसला, पाणी प्यायला, परत सुरुवात केली आणि "जमली नाही" पर्यंत पोचेना. वृषाली बघत होती. मी तिला म्हटलं तुम्ही म्हणा. ती सरळ म्हणाली, "शेती केली, जमली नाही, परत आलो. चहा घ्यायला या." तिने ते इतकं सहज म्हटलं की संदेश तिच्याकडे बघतच राहिला.

जमिनीचं गणित दोघांचं एकच, रिस्क एकच, पैसे एकाच खात्यातले, आणि एकाला जे वाक्य चहाच्या आमंत्रणासकट म्हणता येतं ते दुसऱ्याच्या घशाखाली उतरत नाही. म्हणजे भीती शेतीत नव्हती. मी त्याला विचारलं, "परत आलेला माणूस तुम्ही कधी बघितलाय का?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग जे बोलला ते वृषालीनेही कधी ऐकलं नव्हतं.

आप्पा लालबागला मिलमध्ये होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो संप रीतसर मिटला असं कधी झालंच नाही. पगार बंद झाल्यावर हजारो कुटुंबं कोकणात, घाटावर आपापल्या गावी गेली, त्यातलंच हे एक. शिमग्याला म्हणून गेले ते तिथेच राहिले. संदेश तेव्हा सहा वर्षांचा. आप्पांच्या बरोबर वाण्याकडे गेला होता आणि तिथे बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "काय रे, मुंबय झेपली नाय?" आणि सगळे हसले. आप्पा काही बोलले नाहीत, सामान घेऊन निघाले. पुढे दोनेक वर्षांनी मुंबईत येऊन त्यांनी वॉचमनची नोकरी धरली. संदेशला बाकी फारसं आठवत नाही, तो हसण्याचा आवाज आठवतो.

सहा वर्षांच्या मुलाने त्या दिवशी मनात एक नियम करून ठेवला, परत येणारा माणूस हरलेला असतो आणि त्याला लोक हसतात. चाळीस वर्षं तो नियम कोणी तपासला नाही, कारण तपासायची वेळच आली नाही, शिक्षण, नोकरी, लग्न, फ्लॅट, सगळं पुढेच जात राहिलं. आता पहिल्यांदा असा निर्णय समोर आला ज्यात परत यावं लागू शकतं, आणि तो नियम जागा झाला. काजूचं गणित कितीही चोख असलं तरी या नियमाला त्याने काय फरक पडणार? मला ते त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि खरं सांगते, या कामात असे क्षण रोज येत नाहीत, ज्या दिवशी येतात त्या दिवशी दादरच्या गर्दीतून घरी जाताना थकवा जाणवत नाही.

मी म्हटलं, आप्पांना घेऊन या.

आप्पा आले. पांढरा शर्ट, टोपी, पाय दुखत असून जिना चढून आले. मी त्यांना वाण्याच्या दुकानातला प्रसंग सांगितला. संदेश मान खाली घालून बसला होता. त्याला वाटत होतं म्हाताऱ्याला दुखावणार आपण.

आप्पा म्हणाले, "हसले तर. शिमग्यापासून मिरगापर्यंत हसले. मग भाताची लावणी आली, तरवा (रोपं) काढायला माणसं कमी पडली, तेव्हा मलाच बोलवायला आले घरी. मग कोणाला वेळ आहे हसायला, बाय?"

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं. पोरांना खायला घालायचं होतं, वाईट वाटून काय करतो?"

संदेशने मान वर केली. त्याच्या डोक्यात ती गोष्ट वाण्याच्या दुकानातच थांबली होती आणि आप्पांच्या आयुष्यात ती लावणीपर्यंत गेली होती, पुढे मुंबईपर्यंत, मुलाच्या इंजिनिअरिंगपर्यंत. लोक हसणारच नाहीत असं मी त्याला कधीच सांगितलं नसतं, ते खोटं झालं असतं. हसतात, वाईट वाटतं, आणि दोन्ही सोसून माणूस पुढचं काम करतो, हे त्याला माझ्यापेक्षा वडिलांकडून ऐकायला मिळालं ते फार बरं झालं.

आणि वाचणाऱ्यांचा गैरसमज नको, आप्पांनी काही आशीर्वाद वगैरे दिला नाही. उठताना म्हणाले, "चिखलात पाय घालायला शिकवलं नव्हतं ह्याला. आणि ती जमीन वरकस आहे, हलकी, भाताचं मनात आणू नका." त्यांचा विरोध आजही आहे. पुढच्या भेटींमध्ये आमचं काम त्यावरच चाललं, की वडिलांना पटलं तर उत्तम, नाही पटलं तर त्यांच्या नाराजीसकट आपल्याला निर्णय घेता येतो का. संदेशला हे जमायला वेळ लागला. लिफ्टमधलं ते वाक्य तो आधी घरी म्हणाला, मग ऑफिसमधल्या मित्रासमोर, मग एकदा खरंच शेजाऱ्यांसमोर, "जाऊन बघणार आहोत, नाही जमलं तर येऊ परत." एलिस त्यांच्याकडे येणाऱ्यांना न्यूयॉर्कच्या ट्रेनमध्ये मोठ्याने स्टेशनांची नावं पुकारायला लावायचे, लोक बघतात आणि आपण मरत नाही हे अंगाला कळावं म्हणून. माझ्या खोलीतलं हे वाक्य त्याच घराण्यातलं.

वृषालीकडेही काम होतं. तिने मनाशी धरलं होतं की या जूनला निघालो नाही तर हा माणूस भित्रा आणि आपलं स्वप्न संपलं. तिलाही विचारलं, एक जून चुकला तर नक्की काय संपतं? काजूचं कलम पुढच्या पावसातही लावता येतं. ती चिडली माझ्यावर, एक भेट तर जवळजवळ गप्पच बसली, पण नंतर स्वतःच म्हणाली की मुलीची दहावी होऊ दे.

आता जे मी सगळ्यांना सांगते ते. जायची तारीख ठरवण्याआधी परत यायची अट ठरवा, दोघांनी मिळून, कागदावर. संदेश-वृषालीची अशी होती की बँकेत 8 लाखांच्या खाली रक्कम गेली की थांबायचं, आणि दोघांपैकी कोणी सलग दोन महिने "मला इथे बरं वाटत नाही" म्हणत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून बसून बोलायचं. अट लिहिली की परत येणं हा तुमच्याच प्लॅनचा एक भाग होतो आणि रात्रीची झोप बरीच सुधारते, हे मी अनेक घरांमध्ये बघितलंय. फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, म्हणून राजीनाम्याच्या आधी स्वतःची पॉलिसी हवी. हापूसचं कलम नीट उत्पन्नावर यायला पाच-सहा वर्षं, काजूला तीन-चार, तोपर्यंत घर कशावर चालणार हे पहिलं विचारा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड-दापोलीकडच्या लोकांच्या वर्षानुवर्षांच्या नारळी-पोफळी आणि आंब्याच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या, तेव्हा असं वर्षही हिशोबात धरा. गावी नावावर जमीन नसेल तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही, कलेक्टरची परवानगी लागते, हे टोकन देण्याआधी वकिलाकडून समजून घ्या. आणि जुलैत जाऊन राहा. मे महिन्यातलं आंब्या-फणसाचं गाव सगळ्यांनाच आवडतं, जुलैत लाईट जाते, कपडे वाळत नाहीत, तेव्हा आवडतंय का ते बघा.

संदेश-वृषालीने तेच केलं. वृषालीने बिनपगारी रजा घेतली आणि अख्खा पावसाळा गावी राहिली, संदेश शनिवार-रविवार जाऊन यायचा. पहिल्या वर्षी फक्त 40 कलमं लावली, त्यातली काही मेली. मुलीची दहावी झाल्यावर पुढचं ठरवणार आहेत. जातीलच असं मी सांगू शकत नाही, तेही सांगत नाहीत, पण आषाढीला आता त्यांचं भांडण होत नाही.

ज्या घरात एकालाच जायचंय आणि दुसऱ्याला अजिबात नाही, त्यांना यातलं फारसं लागू होणार नाही. तिथे शेतीचा विषय काही दिवस बंद ठेवा आणि भेटायला आलात तर पहिल्यांदा दोघं वेगवेगळे या.